वैयक्तिक कारणास्तव

(बुलडाणा येथे झालेल्या युवक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



जे आज पहाटे लोणारहून, संग्रामपूरहून, जळगाव जामोदहून निघाले आणि वेळेवर पोचले, त्यांचे आधी आभार. मी खामगावची, त्यामुळे मला फार लांबून यावं लागलं नाही. पण खामगावहून पुण्याला गेले होते, तिथून परत यायला मात्र बराच वेळ लागला. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

आधी एक विनंती. तुमच्या घरात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत पगार जमा होणारी पहिली व्यक्ती तुम्हीच आहात, किंवा होणार आहात, असे किती जण आहेत? हात वर करा. ... बघा, जवळपास सगळेच. खाली घ्या. मीसुद्धा त्यातलीच. माझे अब्बा खामगावच्या बाजार समितीत हमाल आहेत. दादाजान जिनिंगमध्ये होते. हंगाम असला की काम, हंगाम संपला की हिशेब. आमच्या घरात 'पगार' हा शब्द पहिल्यांदा माझ्यामुळे आला. आणि सात महिन्यांत गेला.

मी वकील नाही. शेगावला इंजिनिअरिंग केलं. आता पुण्यात एका लहान कंपनीत पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. नोकरी गेल्यावर कामगार कायद्याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम केला, तोही रागापोटी. त्यामुळे आज जे सांगेन ते अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं ठेच लागून शिकलेलं आहे.

माझी पहिली नोकरी ११ जुलै २०२२ रोजी सुरू झाली. आदल्या दिवशी बकरी ईद होती. ईदच्या रात्रीच खामगावहून ट्रॅव्हल्सनं निघाले. अम्मीनं डबा दिला, अब्बांनी पाचशेची एक नोट दिली आणि म्हणाले, "पहिला पगार होईपर्यंत पुरव." मोहल्ल्यातली चार-पाच माणसं बसपर्यंत सोडायला आली होती. मुलगी एकटी पुण्याला चालली, यावर ज्यांनी सहा महिने कुजबूज केली होती, तेही त्यात होते.

२० फेब्रुवारी २०२३, सोमवार. दुपारी साडेतीनला एका छोट्या खोलीत बोलावलं. दोन माणसं बसलेली, समोर लॅपटॉप. त्यांनी सांगितलं की प्रकल्प कमी झाले आहेत आणि तुमच्यासाठी काम उरलेलं नाही. दोन रस्ते आहेत. आत्ता राजीनामा दिलात तर एक महिन्याचा पगार आणि अनुभवाचं पत्र मिळेल. नाही दिलात तर आम्ही काढू, आणि तशी नोंद राहिली तर पुढे कुणी घेणार नाही. राजीनाम्याचा मजकूर तयारच होता. मला फक्त माझ्या खात्यातून पाठवायचा होता. एकच वाक्य होतं: 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.'

मी वीस मिनिटांत पाठवला. रडले नाही, भांडले नाही, विचारलंही नाही. उलट "थँक यू सर" म्हणून उठले. हे सांगताना मला आजही लाज वाटते, म्हणूनच सांगते. त्या आठवड्यात आमच्या बॅचमधले चौदा जण गेले. माझ्या माहितीप्रमाणे तेरा जणांनी तेच वाक्य पाठवलं. म्हणजे एकाच आठवड्यात तेरा जणांना एकदम वैयक्तिक कारणं निर्माण झाली.

तेव्हा मला वाटलं, हे फक्त वाक्य आहे. त्याची किंमत नंतर कळली. पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, "सात महिन्यांत नोकरी का सोडलीत?" मी म्हटलं, काम कमी झालं होतं. समोरचे म्हणाले, "पण कागदावर तर वैयक्तिक कारण आहे." आणि मग, "लग्न ठरलंय का?" मुलांना हा प्रश्न येत नाही. मला तीन ठिकाणी आला. कंपनीचं काम कमी झालं होतं, पण कागदावर कारण मी होते.

आता थोडं मागे जाऊ आणि नवीन माणूसच आधी का जातो ते बघू.

आयटी कंपनी ग्राहकाला माणसांच्या तासांचं बिल लावते. ज्याचं बिल लागत नाही तो 'बेंच'वर. नवीन मुलगा आधी काही महिने शिकतो, मग प्रकल्पाची वाट बघतो. तोपर्यंत त्याचा पगार हा कंपनीच्या वहीत निव्वळ खर्च असतो. कोविडच्या काळात जगभर ऑनलाइन काम वाढलं, कंपन्यांनी भराभर भरती केली. मग २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढले, ग्राहकांनी हात आखडला. मेटानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं १० हजार आणि गूगलनं १२ हजार जाहीर केली. त्याच जानेवारीत आपल्याकडे विप्रोनं अंतर्गत परीक्षेत कमी पडल्याचं कारण देऊन चारशेहून जास्त फ्रेशर्सना घरी पाठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी गेले. कंपनीचं म्हणणं होतं, तीन संधी देऊनही ते परीक्षा पास झाले नाहीत. त्यातल्या बऱ्याच मुलांनी ऑफर मिळाल्यावर रुजू होण्यासाठीच दोन-अडीच वर्षं वाट बघितली होती. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं ते प्रकरण सरकारकडे नेलं. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार लोकांची कपात जाहीर केली, ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. म्हणजे जुन्यांनाही शाश्वती नाही. पण जुन्याकडे अनुभव असतो, ओळखी असतात, थोडी शिल्लक असते. नवीन माणसाकडे घरभाड्याची अनामत आणि शिक्षणाचं कर्ज असतं.

ही गोष्ट फक्त आयटीची समजू नका. आपल्या खामगाव-मलकापूरच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांना विचारा. आणि ही गोष्ट आजचीही नाही. आपल्या खामगावला रेल्वे आली ती १८७० साली, कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा. त्या मुंबईच्या गिरण्यांत नवीन माणूस 'बदली' म्हणून लागायचा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाही तर परत खोलीवर. वर्षानुवर्षं माणसं बदलीच राहत. याच अनुभवातून महाराष्ट्रात नियम आले. नमुना स्थायी आदेशांत लिहिलं गेलं की बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा केली तर त्याला कायम करावं. १९७१च्या राज्य कायद्यात आलं की कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. हे आपोआप मिळालं नाही. मागणारे होते म्हणून मिळालं.

हा २४० आकडा लक्षात ठेवा. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये हाच आकडा आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की कायद्याच्या नजरेत तुमची वर्षभराची सलग सेवा झाली. मग तुम्हाला कपातीत काढायचं असेल तर कारण सांगणारी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला कळवणं, या तिन्ही गोष्टी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलंय की हे दिवस मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्याही धरायच्या.

मी नंतर कॅलेंडर घेऊन बसले. ११ जुलै ते २० फेब्रुवारी. जुलैचे २१, ऑगस्टचे ३१, असं करत करत बेरीज आली २२५. पंधरा दिवस कमी. हा योगायोग होता की हिशेब, ते मला माहीत नाही. पण कुणीतरी दिवस मोजत असतं, एवढं लक्षात ठेवा, आणि तुम्हीही मोजा.

याच कायद्यात आणखी दोन कलमं होती. एक म्हणतं, कपात करताना त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला साधारणपणे आधी काढावं. आणि तसं केलं नाही तर मालकानं कारण लिहून ठेवावं. म्हणजे 'शेवटी आला तो आधी गेला' ही नुसती रीत नाही, ते कायद्यातलं तत्त्व आहे. नवीन माणसाची भीती खरी आहे, तो भित्रा नाही. पण लगेच पुढचं कलम म्हणतं की पुन्हा भरती करताना कपातीत गेलेल्यांना बोलवावं, त्यांना आधी प्राधान्य द्यावं. कायद्यानं एका हातानं घेतलं आणि दुसऱ्या हातानं दिलं. पण हे दुसरं कुणासाठी आहे? ज्याची कपात झाली त्याच्यासाठी. ज्यानं स्वतः राजीनामा दिला त्याच्यासाठी नाही. आता कळलं ना ते एक वाक्य किती महाग होतं? राजीनामा दिला की नोटीस नाही, भरपाई नाही, परत बोलावणं नाही. कायद्याच्या वहीत तुमचं नावच लागत नाही. सरकारी आकड्यांतही तुम्ही 'काढलेले' नसता, 'गेलेले' असता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या. नोटीस, भरपाई, शेवटचा आधी, पुन्हा भरतीत प्राधान्य, ही तत्त्वं औद्योगिक संबंध संहितेत आहेत. काही गोष्टी नव्या आल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. नोकरी संपल्यावर, राजीनामा असो की कपात, मजुरीचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. कपात झालेल्या कामगारासाठी नवं कौशल्य शिकायला पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मालकानं द्यायची. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. दुसऱ्या बाजूला, कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेवर गेली. शिवाय ती अट कारखाना, खाण आणि मळ्यांनाच आहे, आयटी ऑफिसला नाही.

आणि कुठे संरक्षण नाही तेही प्रामाणिकपणे सांगते, नाही तर तुम्ही उद्या माझं नाव घेऊन एचआरशी भांडाल. मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, तर ती कपात धरली जात नाही. प्रोबेशनवर असाल तर कराराच्या अटी लागतात आणि हात बराच मोकळा असतो. व्यवस्थापकाचं काम करणारा, किंवा महिना १८ हजारांहून जास्त पगारावर देखरेखीचं काम करणारा, 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. पण इथे एक गोष्ट आहे. तुमच्या पदाच्या नावात 'मॅनेजर' किंवा 'लीड' असलं म्हणून तुम्ही आपोआप बाहेर जात नाही. न्यायालय प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं. तांत्रिक काम करणारा माणूस व्याख्येत येऊ शकतो.

आता सगळ्यात अवघड भाग. घर.

मी घरी सांगितलं नाही. दोन महिने. रोज सकाळी अम्मीचा फोन यायचा, "ऑफिसला निघालीस का?" मी म्हणायचे, "हो, निघाले." रूमवर गादीवर बसून म्हणायचे. एक महिन्याचा पगार मिळाला होता, त्यातले पाच हजार नेहमीप्रमाणे घरी पाठवले. दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीकडून उसने घेऊन पाठवले. रमजान सुरू झाला. सहेरीला रूममेट उठायची नाही म्हणून मी अंधारातच खायची. मला भीती पैशाची नव्हती. भीती ही होती की "जाऊ दे, घरी ये" हे शब्द येतील. मुलाची नोकरी गेली तर घर म्हणतं, दुसरी बघ. मुलीची गेली तर म्हणतं, परत ये. आणि मोहल्ल्यात जे कुजबुजत होते ते म्हणणार, बघा, आम्ही सांगितलं होतं.

ईद २२ एप्रिलला होती. घरी गेले. ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बा अंगणात बसले होते, मी जाऊन सांगून टाकलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "काम खराब होतं का तुझं?" म्हटलं, नाही. "चोरी, भांडण?" नाही. "मग?" मी म्हटलं, कंपनीत काम कमी झालं, म्हणून नवीन लोकांना काढलं. त्यांना खरंच कळेना. ते म्हणाले, "बेटा, टोली में माल कम आया तो हम बाँट के खाते. तुम्हारे यहाँ बाँटते नहीं क्या?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजार समितीत हमाल एकेकटे काम करत नाहीत, टोळीनं करतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या गाड्या लागतात, तेव्हा पाठ टेकायला वेळ नसतो. पुढे तूर, हरभरा. मग उन्हाळा-पावसाळ्यात यार्ड सुना पडतो. अब्बांच्या टोळीत जी हमाली जमते तिचे सारखे हिस्से होतात. माल अर्धा आला तर सगळ्यांचा हिस्सा अर्धा. उन्हाळा आला म्हणून सर्वांत नव्या माणसाला कुणी घरी पाठवत नाही. अब्बांना ही काही थोर गोष्ट वाटत नाही. त्यांना ती साधी रीत वाटते.

टोळी म्हणजे जन्नत नाही, हेही सांगते. तिथे नवीन माणसाला शिरकाव मिळणं कठीण. धान्य झाडणाऱ्या, सांडलेलं गोळा करणाऱ्या बायका त्या हिश्शात नसतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. आणि पूर्वी हमालाला कुणीही विचारत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी माथाडी-हमालांना एकत्र केलं, लढले, तेव्हा १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पण अब्बांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. वाटून घेणं फक्त अडाण्यांना जमतं का?

तर तसं नाही. जर्मनीत एक पद्धत आहे, 'कुर्त्सआर्बाइट'. मंदी आली की माणसं काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून द्यायचा. २००९च्या मंदीत तिथे दहा लाखांहून जास्त कामगार या पद्धतीनं नोकरीत टिकले. आणि लांब कशाला, आपल्याच कायद्यात बघा. वर्तमानपत्रं ज्याला 'ले-ऑफ' म्हणतात तो कायद्यातला ले-ऑफ नाहीच. कायद्यातला ले-ऑफ तात्पुरता असतो. काम देता येत नाही म्हणून माणसाला काही दिवस घरी बसवायचं, पण नाव हजेरीपटावर ठेवायचं आणि, ठरावीक आकाराच्या कारखान्यात, निम्मा पगार द्यायचा. काम आलं की परत बोलवायचं. कायमचं काढण्याला कायदा कपात म्हणतो. म्हणजे मधला रस्ता कायद्याला माहीत आहे. आपण शब्द उचलला आणि अर्थ सोडून दिला.

आता एक प्रश्न, जो मला प्रत्येक ठिकाणी विचारतात आणि बहुतेक वेळा हळू आवाजात. "नाव बघून काढलं का?"

माझं उत्तर: माझ्या बाबतीत, नाही. चौदा जण गेले, त्यात आम्ही दोघं मुस्लिम होतो. बाकीचे बारा कुठल्या नावानं गेले? आम्ही सगळे बेंचवर होतो म्हणून गेलो. जिथे पुरावा नाही तिथे आरोप करू नका. तो आरोप आपल्यालाच आतून पोखरतो, कारण मग आपण कागद बघत नाही, हक्क बघत नाही, नशिबाला बोट लावून बसतो. पण जिथे पुरावा आहे तिथे गप्पही बसू नका. पुण्यात रूम शोधताना नाव ऐकून फोन ठेवलेला मी अनुभवलाय. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव झाला तर दाद मागायला आपल्या देशात सरळ, सर्वांना लागू होणारा कायदा नाही. ही उणीव आहे आणि ती मोठ्यानं बोलली पाहिजे.

मला फरक दुसरीकडे दिसला. आमच्याबरोबर गेलेल्या एका मुलीच्या काकांनी तीन फोन केले आणि पाच आठवड्यांत तिला नोकरी लागली. काकांनी काही गैर केलं नाही. पण माझ्या घरात फोन करायला असा कुणी नव्हता. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, त्यात हेच नोंदवलंय की नियमित पगाराच्या नोकरीत मुस्लिमांचं प्रमाण कमी आणि स्वतःचा छोटा धंदा, हातकाम यात जास्त. आपण हा आकडा भाषणात वापरतो. पण त्याचा रोजचा अर्थ असा: नोकरी गेली की आपल्याकडे आधीच्या पिढीतला पगारदार नसतो. राजीनामा आणि कपात यातला फरक जेवताना सांगणारा चाचा नसतो. हे फक्त आपलं नाही. माझ्याबरोबरच्या बौद्ध, बंजारा, धनगर घरांतल्या पहिल्या पिढीच्या मुलांचंही हेच होतं.

त्या चौदांपैकी एकानं ते वाक्य पाठवलं नव्हतं. तो मलकापूरचा. त्याचे मोठे भाऊ एका कारखान्यात युनियनमध्ये होते. तो फक्त एवढंच म्हणाला, "सर, मला एक दिवस द्या, घरी विचारून सांगतो. आणि तुम्ही जे म्हणताय ते मेलवर पाठवा." त्याचीही नोकरी गेली, तो काही हिरो झाला नाही. पण त्याच्या पत्रात 'कामाच्या उपलब्धतेअभावी' असं लिहिलं होतं. एक महिन्याचा पगार त्यालाही मिळाला. मुलाखतीत तो ते पत्र पुढे ठेवायचा आणि पुढचा प्रश्न त्याच्या कामावर यायचा. माझ्यात आणि त्याच्यात फरक एका वाक्याचा आणि एका भावाचा होता.

म्हणून जाता जाता कामाच्या गोष्टी सांगते, लिहून घ्या.

रुजू होताना नियुक्तिपत्र घ्या आणि घरी वाचा. प्रोबेशन किती, नोटीस किती, बाँड आहे का, करार मुदतीचा आहे का. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका, दाखवा आणि परत घ्या. पगाराच्या पावत्या, हजेरी, चांगल्या कामाचे मेल यांची जिथे परवानगी आहे तिथे स्वतःकडे प्रत ठेवा. नोकरी गेल्यावर कंपनीचं खातं त्याच तासात बंद होतं, माझं झालं.

खोलीत बोलावलं तर सही करू नका, पाठवू नका. "एक दिवस द्या, लेखी द्या," एवढी दोन वाक्यं पाठ करा. राजीनामा द्यायचाच ठरला, कधी कधी तोच शहाणपणाचा असतो, तर निदान खरं कारण लिहा: 'काम उपलब्ध नसल्याचे सांगून राजीनामा देण्यास सांगण्यात आले.'

महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसीत नाव आहे का बघा. तिथे 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे, नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवस काही रक्कम मिळते. पण तिला दोन वर्षांच्या विमाधारक नोकरीची अट आहे, म्हणजे नवा माणूस इथेही बाहेरच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे आधी चौकशी करा.

बुलडाण्यात सरकारी कामगार अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यानं दिलाय. हेल्पलाइन १५१००. नोकरी पुण्यात गेली असेल तर तक्रार तिथेच करावी लागेल, पण कागद नीट लावून घ्यायला इथून सुरुवात करता येते.

आणि शेवटचं, घरी सांगा. त्याच आठवड्यात सांगा. मी दोन महिने जे लपवलं ते सांगितल्यावर अब्बांनी "परत ये" म्हटलं नाही. त्यांनी टोळीतल्या दोघांकडून आठ हजार आणले आणि म्हणाले, तीन महिने बघ. अम्मी रडली, पण नोकरी गेली म्हणून नाही, मी अंधारात सहेरी केली म्हणून. मोहल्ल्यातले जे बोलायचे ते बोललेच. ते मी नोकरीत असतानाही बोलत होते.

अडीच महिन्यांनी मला सध्याची नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा कमी. या वेळी नियुक्तिपत्र आलं तेव्हा मी दोन दिवस घेतले आणि तीन प्रश्न मेलवर विचारले. त्यांनी दोनांची उत्तरं दिली.

मालाच्या तुटीत वाटून घेणारी कंपनी आपण उद्या काढू शकणार नाही. पण टोळी करू शकतो. या सभागृहात पगारदार झालेले तीस-चाळीस जण तरी आहेत. तुमचा नंबर बाहेरच्या वहीत लिहा, कुठल्या क्षेत्रात आहात तेही लिहा. उद्या नांदुऱ्याच्या, मोताळ्याच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला त्या खोलीत बोलावलं, तर "घरी विचारून सांगते" म्हटल्यावर विचारायला कुणीतरी असलं पाहिजे.

जेवणानंतर मी इथेच आहे, पाच वाजेपर्यंत. ज्यांच्याकडे नियुक्तिपत्र मोबाइलमध्ये आहे त्यांनी घेऊन या, आपण सोबत बसून वाचू.